नव्याआधीची काकडी

"हं, बघताय काय? खा की!" वाघचौरे सर म्हणाले, आणि दोनशे अकरा पोरं ताटाकडे बघत तशीच बसून राहिली.

ताटात भात होता, वरण होतं, आणि मिठाशेजारी काकडीच्या दोन-दोन चकत्या होत्या. आश्रमशाळेच्या जेवणात काकडी म्हणजे अप्रूपच. त्यातून ही बाजारची नव्हती, शाळेच्या परसबागेतली होती, आणि परसबाग म्हणजे मुख्याध्यापकांचा जीव की प्राण. वाघचौरे सर नगरकडच्या दुष्काळी गावातले. आमच्या जव्हारकडचा पाऊस बघून त्यांचे हात शिवशिवायचे. जुलैत डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन त्यांनी पोरांबरोबर कुदळ मारली होती, वेलांना मांडव घातले होते. भाद्रपदात पहिल्या काकड्या उतरल्या तेव्हा स्वयंपाक्याला बाजूला सारून त्यांनी त्या स्वतः चिरल्या. पंगतीला सगळ्या मास्तरांनाही बसवलं होतं.

"काय रे, कडू आहे का?" त्यांनी विचारलं. कुणी चाखलीच नव्हती, तर कडू की गोड कळणार कुठून?

काय झालंय ते मला ठाऊक होतं. आमच्या वारल्यांत 'नवा' करतात. शेतात, परड्यात जे नवीन पिकतं, काकडी असो, चवळी असो की भात, ते आधी देवाला आणि घरातल्या मेलेल्या माणसांना द्यायचं, मग आपण तोंडात घालायचं. गाव बसून दिवस ठरवतं आणि त्या दिवशी घरोघर नवा होतो. तोवर वेलावरची काकडी पिवळी पडली तरी तिला कुणी दात लावत नाही. त्या पंगतीत दीडशे तरी पोरं वारल्यांची होती, आणि अकरा मास्तरांत वारली मी एकटाच. तेवीस वर्षांचा, जूनमध्ये लागलेला, अजून कायम न झालेला. काशिनाथ रावज्या उंबरसाडा. सहीत मी 'के. आर. उंबरसाडा' असं लिहायचो, कारण रावज्या हे नाव मला कागदावर बरं दिसत नसे.

"उंबरसाडा, तुम्ही सांगा बुवा," सर मला म्हणाले. "तुमचं ऐकतील."

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. आमच्या घरचा नवाही व्हायचाच होता. बाजूला बसलेल्या मास्तरांच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू होतं. ही माणसं काकडीलासुद्धा घाबरतात, असं सांगणारं. ते हसू माझ्यावरही येईल याची मला इतकी धास्ती वाटली, की मी चकती उचलली, मिठाला लावली आणि करकरून खाल्ली. "गोड आहे. खा," मी म्हणालो.

मास्तरच खातो म्हटल्यावर पोरांचं काय अडलंय! आधी मोठ्यांनी उचलली, मग बारक्यांनी. पंगतभर करकर सुरू झाली. सर खूश झाले आणि बायकोनं केलेला लाडू वाढावा तशी उरलेली काकडी वाढत फिरायला लागले. सहावीतल्या सुकरी धिंडाच्या ताटापाशी मात्र त्यांचे पाय थांबले.

सुकरीनं भात संपवला होता, वरण प्यायलं होतं. काकडी तशीच होती.

सुकरी काही हुशार पोरगी नव्हती. पाढे तेराच्या पुढं गेले की तिची गाडी घसरायची. पण परसबागेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वेलाला कुठं आधार द्यायचा, कुठली फूट खुडायची, हे तिला न सांगता कळायचं. सरांची ती लाडकी होती. काकडीचे निम्मे वेल तिनंच वाढवले होते म्हणा ना.

"तूच वेल लावलेस, आणि तूच नाही खायची?" सर हसून म्हणाले.

"लावलं, सर. पण खावाची नाय अजून."

"का गं?"

"आमचा नवा नाय झाला."

"नवा? नवा म्हणजे काय?" सरांनी तिला विचारलं, आणि तिनं मान खाली घातली तसं त्यांनी मला विचारलं, "काय म्हणते ही?"

तेव्हा दोन वाक्यांत सगळं सांगता आलं असतं. पण माझ्या तोंडात अजून काकडीची चव होती. "काही नाही सर," मी म्हणालो. "हट्ट आहे. पोरं काढतात काहीतरी निमित्त."

सरांचा चेहरा बदलला. "खोटं बोलतेस?"

"नाय, सर."

"गुरुजी तुमच्यातलेच आहेत. त्यांनी खाल्ली. मग ते खोटे का?"

सुकरीनं माझ्याकडे पाहिलं. 

वाघचौरे सर वाईट नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ते वाईट असते तर माझी मोठी सोय झाली असती. पोरांच्या खरजेला स्वतःच्या हातानं मलम लावणारा माणूस तो. पण दोन गोष्टींना त्यांच्याकडे क्षमा नव्हती. एक अन्न टाकणं आणि दुसरं खोटं बोलणं. लहानपणी दुष्काळात त्यांनी मिलोच्या, म्हणजे परदेशातून मदत म्हणून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाऊन दिवस काढले होते. सुकरीनं एका ताटावर दोन्ही गुन्हे केले होते. शिक्षा ठरली. रोज सकाळी परिपाठाला, म्हणजे प्रार्थना नि सुविचार होतो तेव्हा, झेंड्याच्या कट्ट्यावर उभं राहून तिनं सगळ्या शाळेसमोर म्हणायचं, 'मी खोटं बोलले, मी अन्नाचा अपमान केला.' म्हणेपर्यंत तिथंच उभं राहायचं.

पहिल्या दिवशी ती उभी राहिली आणि काही बोलली नाही. पहिला तास संपेपर्यंत उन्हात होती. दुसऱ्या दिवशी दुसरा तासही गेला. परिपाठ घ्यायची पाळी त्या आठवड्यात माझी होती. 'सत्य हेच ईश्वराचे रूप' असा त्या दिवशीचा सुविचार होता आणि तो फळ्यावर मीच वळणदार अक्षरात लिहिला होता. लिहिताना हात कापला बिपला असं काही झालं नाही. तसं झालं असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी तिचा बाप आला.

करंजपाड्याहून शाळा चार तासांची वाट, मध्ये दोन ओढे. लाडक्या धिंडा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला होता. व्हरांड्याच्या कडेला उभं राहून तो आत यायचं की नाही याचा अंदाज घेत होता. मी वर्गातून बाहेर आलो आणि मला बघताच त्याचा चेहरा एकदम खुलला. तसा माझ्याकडे बघून कुणाचा चेहरा त्याआधी कधी खुलला नव्हता, पुढंही फारसा नाही.

"तू रावज्याचा पोर ना रं? काशा?" तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "गुरुजी म्हनावाला पाह्यजे. चुकला माझा."

"असू द्या, काका."

"तुझा बापूस नि मी एके पंगतीत नवा खाल्लाय, किती वरसं. मागचे वरशी पन. तू इथं हाय ते मला ठाव नवता. आता भ्या नाय मला." त्यानं खरोखरच सुस्कारा सोडला. बाजारला आलेल्या एका पोरानं त्याला सगळं सांगितलं होतं. "मी वाटंनी हाच इचार करत आलू, का सायबाला कसा सांगू. त्याची बोली मला नाय येत, माझी त्याला नाय कळत. आता तू सांग."

"काका, पोरीनं एक चकती खाल्ली असती तर काय बिघडलं असतं?"

मी असं विचारलं खरं. तो रागावला नाही. त्याला वाटलं, मी मास्तरासारखं विचारतोय, साहेब काय विचारील याची तयारी करून घेतोय.

"हिची आईस मेली ना चैतात," तो म्हणाला. "मेल्यावरचा पैला नवा यो. आधी तिला वाढावाचा, मंग आमी खावाचा. तिनं खाल्ला का आमी खाल्ला. पोरीचे मनात तोच हाय. तिनं आईसला कबूल केलाय का तुझे आधी मी नाय खानार." मग तो पुढं म्हणाला, "मारा ना, गुरुजी. पोर चुकली तं मारा, माझा काय बोलना नाय. काम सांगा, उपाशी ठेवा. पन खोटी बोलू नका. सगळे पोरांत तिला खोटी केली, तं ती इथं राहंल कशी? माझी मोठी पोर शिकली नाय. ही तरी शिकावी. तेवढा सायबाला सांग."

मला सुकरीची आई मेलेली माहीतच नव्हती. तीन महिने ती माझ्या वर्गात होती.

आम्ही ऑफिसात गेलो. लाडक्या उंबऱ्याशी जमिनीवर बसायला लागला, तर सर स्वतः उठले आणि त्याला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. कामाठ्याला चहा सांगितला. मग मलाही बसायला सांगितलं.

लाडक्या आपल्या बोलीत सगळं बोलला. हात हलवत, मध्ये मध्ये माझ्याकडे बघत. सरांना निम्मं कळलं असेल, निम्मं नाही. पण त्यांनी कान देऊन ऐकलं. चहा आला तो त्यांनी आधी त्याच्यापुढं सरकवला.

"उंबरसाडा," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे म्हणतात की त्यांच्यात तशी रीत आहे. नवीन पीक देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत. आमच्या आजीचंही असं काही असायचं बरं का. तर तुम्ही मला सरळ सांगा. असं खरंच असेल तर चूक माझी आहे. उद्या परिपाठाला मी त्या पोरीची सगळ्यांसमोर माफी मागेन. मला त्यात कमीपणा नाही."

इतकं मोकळं दार कुणी कुणाला उघडून देत नाही.

मी काय विचार केला ते आज सदतीस वर्षांनीही मला स्वच्छ आठवतं, म्हणून न जाणता झालं असं मला म्हणता येत नाही. हो म्हणालो, तर पहिल्या दिवशी मी खोटं बोललो हे उघडं पडणार. जाणूनबुजून स्वतः काकडी खाल्ली आणि दीडशे पोरांचा नवा मोडला, हेही उघडं पडणार. मास्तर लोक म्हणणार, म्हणजे हाही त्यातलाच. सरांच्या टेबलावर माझा कायम होण्याचा अहवाल अर्धा लिहून पडला होता, 'वर्तणूक' या शब्दापर्यंत. आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट होती. सरांनी मला त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं होतं, आणि लाडक्या समोरच्या खुर्चीवर होता. मला तिकडं जायचं नव्हतं.

"नाही, सर," मी म्हणालो. "पूर्वी असेल. आता असं काही कुणी पाळत नाही. मुलांना घरी न्यायला पालक काहीतरी कारण काढतात. भातकापणी जवळ आली आहे ना."

हे शेवटचं वाक्य मला कुणी विचारलंही नव्हतं. ते मी पदरचं घातलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला निदान जीव नसतो.

माझं शुद्ध मराठी लाडक्याला सगळं कळलं. वारल्याला मराठी बोलता येत नसेल, पण कळतं सगळं. त्याच्या हातातली बशी तोंडापाशी होती ती त्यानं खाली ठेवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

आता हा उसळेल असं मला वाटलं. 'याच्या बापाबरोबर मी नवा खाल्लाय, विचारा याला' असं म्हणेल. त्यानं तेवढं म्हटलं असतं तर माझा निकाल तिथंच लागला असता, आणि मला वाटतं, मी सुटलो असतो.

"गुरुजी सांगतात तं तसाच, सायब," लाडक्या म्हणाला. "शिकलेला मानूस हाय. त्याला जास्ती ठावं. आमी अडानी." तो उठला. त्यानं सरांना हात जोडले, मग मलाही जोडले. "पोरीला मी समजावतू."

सरांना वाईट वाटलं. ते मला हळूच म्हणाले, "गरीब आहे बिचारा. पण खोटं बोलायला नको होतं." मी मान हलवली.

हातपंपाजवळ बापलेक उकिडवे बसले होते. लाडक्या बोलत होता आणि सुकरी मातीत काडीनं रेघा ओढत होती. एकदा तिनं मान जोरानं हलवली. मग तो बराच वेळ बोलला. शेवटी तिनं काडी टाकली. दुरून मला एक शब्दही ऐकू आला नाही.

तो निघाला तेव्हा मी फाटकापर्यंत मागून गेलो. का गेलो, कुणास ठाऊक. चोराला मार खायची भीती वाटते तशीच कधीकधी मार न मिळण्याचीही वाटते.

"काका..."

"जा आत," तो न थांबता म्हणाला. "तास असंल तुझा."

"काका, माझी नोकरी नवी आहे..."

तेव्हा तो वळला. "तुझे बापाला मी सांगनार नाय," एवढंच म्हणाला, आणि ओढ्याच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकरी कट्ट्यावर चढली आणि मोठ्यानं, एकही अक्षर न गाळता म्हणाली, "मी खोटं बोलले. मी अन्नाचा अपमान केला." पुस्तकातला धडा वाचताना ती इतकी स्वच्छ कधी वाचत नसे. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, शाबासकी दिली, आणि दुपारी तिच्या ताटात काकडी स्वतः वाढली. तिनं ती खाल्ली. दोन्ही चकत्या. मी दुसऱ्या पंगतीत होतो आणि मी बघत होतो. ती भराभर चावत होती, आमच्याकडे पोरं कडू औषध घेतात तशी.

शाळेत मग सगळं सुरळीत झालं. माझा अहवाल गेला. 'वर्तणूक उत्तम, स्थानिक रूढी-अंधश्रद्धा दूर करण्यास साहाय्य करतात,' असं सरांनी त्यात लिहिलं आणि मला वाचायलाही दिलं. पोरं सुकरीला 'खोटारडी' म्हणायला लागली होती. खेळात घ्यायची नाहीत. ज्या पोरांनी काकडी खाल्ली होती तीच जास्त म्हणायची, आणि त्याचं कारण मला कळत होतं. तिनं परसबागेत जाणं सोडलं. सरांनी विचारलं तर म्हणाली, पोटात दुखतं.

रोज मला वाटायचं, आज तिला एकटीला गाठून सांगू. सगळ्यांसमोर नको, निदान तिला तरी. सोमवारी वाटायचं मंगळवारी सांगू, आणि मंगळवारी काहीतरी निघायचं. आज करे सो उद्या, आणि उद्याचं दिवाळीला. असं करत सहामाही परीक्षा झाली.

सुट्टी लागायच्या दिवशी पोरं पेट्या बांधत होती. सुकरी वर्ग झाडत होती. तिची पाळी नव्हती, पण तिची पाळी नसतानाही तिच्यावरच ढकलायची आता पोरांना सवय झाली होती. वर्गात आम्ही दोघंच होतो. मी दाराशी उभा राहिलो आणि म्हणालो, "सुकरी, तू खोटं बोलली नव्हतीस."

ती झाडायची थांबली नाही. "माहीत हाय, गुरुजी."

"मग कट्ट्यावर म्हणालीस का?"

"बा बोलला."

"काय बोलला?"

आता तिनं केरसुणी टेकवली. बापाचं बोलणं तिला पाठ होतं, पाढ्यासारखं अडखळत नव्हती. "बा बोलला, आपले लोकांत एकच मास्तर हाय. तो खोटा पडला तं सायब परत आपला मानूस घेनार नाय. बोलतील, यांची जातच खोटी. तू खोटी पडली तं काय, तू पोर हाय, लोक इसरतील. मास्तरला सांभाळावाचा." मग ती म्हणाली, "बा बोलला, गुरुजींना आधीच लाज वाटत असंल, तू त्यांचेकडं बघत नको जाऊ."

तेव्हा मला आठवलं, त्या दिवसापासून तिनं एकदाही वर बघून मला उत्तर दिलं नव्हतं. मी तो राग समजत होतो.

बारा वर्षांची पोर आणि चार तास चिखल तुडवत आलेला तिचा बाप, दोघांनी मिळून दोन महिने मला झाकून ठेवलं होतं.  मी काही बोलणार तेवढ्यात तिनंच विचारलं, आणि या वेळी माझ्याकडे बघून विचारलं.

"गुरुजी, आईसला चाललं का हो? तिचे आधी मी खाल्ला. ती नवा खावाला येल ना?"

तिनं हे मला का विचारलं असेल? तिथं मी एकटाच होतो ज्याला प्रश्न कळत होता. 'येईल गं, आईला सगळं कळतं,' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझी आजी असती तर तिनं पोरीला जवळ घेतलं असतं, पळसाच्या पानावर चिमूटभर नवा तांदूळ दिला असता, आणि तो आईच्या नावानं कसा ठेवायचा ते सांगितलं असतं. मला ते सगळं येत होतं. लहानपणापासून दरवर्षी मी ते करत आलो होतो.

"असं काही नसतं, सुकरी," मी म्हणालो. "ते सगळे मनाचे खेळ असतात. तू अभ्यासाकडे लक्ष दे."

का म्हणालो? त्या वेळी समोर सर नव्हते, मास्तर नव्हते, अहवाल जाऊन महिना झाला होता. मला धाक घालायला तिथं एक केरसुणी धरलेली पोरगी तेवढी होती. तरी माझ्या तोंडातून तेच आलं, कारण एव्हाना मला दुसरं काही बोलता येईनासं झालं होतं.

"बरा," ती म्हणाली. तिनं उरलेला केर भरला, खिडक्या लावल्या, आणि बाप घ्यायला आला होता त्याच्याबरोबर पेटी डोक्यावर घेऊन गेली.

दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा बारा पोरं आली नव्हती. दरवर्षीच होतं तसं. मग मास्तरांनी पाडे वाटून घ्यायचे, घरोघर जाऊन पोरं परत आणायची, हा आमच्या नोकरीचाच भाग. करंजपाडा माझ्याकडे आला. मीच वारली, म्हटल्यावर कुणाकडे जाणार? मी सकाळी निघालो. दुसरा ओढा ओलांडला. पाड्याच्या खाली भाताची खळी दिसायला लागली. एका खळ्यावर सुकरी होती, पाटीनं भात वारत होती. वाऱ्याकडे पाठ करून, पाटी डोक्याच्या वर धरून, अगदी सरावलेल्या हातानं. शेजारी लाडक्या पेंढा गोळा करत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती एवढ्या अंतरावर मी होतो. मी झाडाखाली बसलो, बरोबर आणलेली भाकरी खाल्ली, आणि ते वर बघायच्या आत मागे फिरलो.

पुढं मी मुख्याध्यापक झालो, निवृत्तही झालो. आता दिवस बदलले आहेत. आमच्या चालीरीतींना आता स्टेजवर जागा आहे. आदिवासी दिनाला मला बोलावतात, डोक्याला फेटा बांधतात. गेल्या वर्षी एका शाळेत पोरांनी नव्याचा देखावा केला होता. कागदी काकड्या होत्या आणि पुठ्ठ्याची चवळी. मी अर्धा तास 'आपली निसर्गपूजक संस्कृती' या विषयावर बोललो. पोरांना माझं भाषण फार आवडतं. एका पोरीनं खाली उतरल्यावर पाया पडून विचारलं, "गुरुजी, तुमच्या वेळी शाळेत हे सगळं पाळू द्यायचे का?" मी म्हणालो, "नाही गं. फार विरोध होता." विरोध कुणाचा होता, ते तिनं विचारलं नाही.

करंजपाड्याहून परत आलो त्या संध्याकाळी मी गळतीचा तक्ता भरायला घेतला. त्यात शाळा सोडलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढं कारणाचा रकाना असतो. 'धिंडा सुकरी लाडक्या, इयत्ता सहावी' या नावापुढं मी लिहिलं, 'गृहभेट दिली. पालकांची शिक्षणाविषयी अनास्था.' खाली सही माझी आहे.